गाणं समोर बसून ऐकायला जाऊ या

या रेडिओवर आम्ही तुमच्याशी कर्जाच्या हप्त्याबद्दल बोलतो, शेळ्यांच्या लसीबद्दल बोलतो, रक्तातल्या हिमोग्लोबिनबद्दल बोलतो. आज गाण्याबद्दल बोलायचं आहे. मोबाइलमधलं गाणं नाही, टीव्हीवरचं नाही. समोर माणसं उभी आहेत, वाजवताहेत, गाताहेत आणि आपण तिथं जाऊन ऐकतो आहोत, असं गाणं.

त्यातही आज एक वेगळा प्रकार निवडला आहे. कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या तोंडी ‘बँड’, ‘कॉन्सर्ट’, ‘इंडी रॉक’ असे शब्द येतात. शहरातल्या मैदानावर गिटार आणि ड्रम घेऊन तरुण मंडळी गातात आणि शेकडो जण उभ्यानं ऐकतात. मुलगी विचारते, “आई, मैत्रिणींसोबत जाऊ का?” आपल्या पोटात गोळा येतो. तिथं काय असतं हे माहीत नसलं की ‘नको’ म्हणणं सोपं पडतं. गटाच्या बैठकांमध्ये हा विषय बरेचदा निघाला, म्हणून आम्ही ठरवलं की हे आधी नीट समजून घेऊ. मुलीला पाठवायचं की नाही एवढ्यापुरतंच नाही. आपणही का जाऊ नये, हाही प्रश्न आहेच.

रॉक आलं कुठून?

रॉक म्हणजे गिटार आणि ड्रमच्या जोरदार ठेक्यावरचं गाणं. ते अमेरिकेत १९५० च्या आसपास पुढं आलं. पण त्याची मुळं त्याआधीची आहेत. तिथल्या कापसाच्या शेतात राबणारे काळे लोक जी दुःखाची गाणी गात, चर्चमध्ये जी भक्तिगीतं गात, त्यातून रॉक उगवलं. म्हणजे त्याचा जन्म श्रीमंताच्या दिवाणखान्यात झाला नाही. कापूस वेचणाऱ्यांमध्ये झाला.

आणि एक गोष्ट ऐका. सिस्टर रोझेटा थार्प नावाची एक बाई होती. तिचा जन्म १९१५ सालचा. गावाचं नाव ‘कॉटन प्लांट’, म्हणजे कापसाचं झाड. आईवडील कापूस वेचणारे. आई देवाची गाणी गात फिरायची आणि ही लहानपणापासून तिच्यासोबत गिटार वाजवायची. पुढं तिनं विजेवरची गिटार हातात घेतली आणि भजनासारखी गाणी अशा ठेक्यात वाजवली की नंतरच्या मोठमोठ्या पुरुष गायकांनी तिच्यापासून शिकून घेतलं. तिला रॉकची आई म्हणतात. पण रॉकच्या मानकऱ्यांच्या यादीत तिचं नाव २०१८ साली लागलं. ती जाऊन तेव्हा जवळपास ४५ वर्षं झाली होती. बाईनं पेरायचं आणि नाव दुसऱ्याचं व्हायचं, हे आपल्याला काही नवीन नाही.

मग इंडी म्हणजे काय?

इंडी म्हणजे स्वतंत्र. हा शब्द आपल्या गटातल्या बाईला चटकन कळेल.

गाणं लोकांपर्यंत न्यायला पैसा लागतो. रेकॉर्डिंग करायचं, जाहिरात करायची, कार्यक्रम लावायचे. हा पैसा मोठ्या कंपनीकडून घेतला की गाण्यावर हक्क कंपनीचा होतो. कोणतं गाणं करायचं, कसं करायचं, हेही तीच सांगायला लागते. सावकाराकडून बियाण्याला पैसे घेतले की पीक कुठं विकायचं हे सावकार ठरवतो, तसंच.

इंग्लंडमध्ये मँचेस्टर नावाचं गिरण्यांचं शहर आहे. तिथल्या बझकॉक्स नावाच्या बँडमधल्या पोरांनी १९७७ च्या जानेवारीत वेगळं काहीतरी केलं. त्यांनी मित्रांकडून आणि घरच्यांकडून ५०० पौंड उसने घेतले, स्वतःची चार गाणी रेकॉर्ड केली आणि स्वतःच्याच नावानं तबकडी काढली. पहिल्यांदा १००० तबकड्या छापल्या. त्या खपल्या, उसने पैसे फिटले आणि पुढं कितीतरी हजार खपल्या. ते पाहून गावोगावच्या पोरांना वाटलं की हे तर आपल्यालाही जमेल. तिथून ‘इंडी’ची वाट रुंद झाली.

आपल्या भाषेत सांगायचं तर ते अंतर्गत कर्जच होतं. ओळखीच्यांनी विश्वासानं दिलं, काम आपल्या मनासारखं केलं, कर्ज फेडलं. म्हणून आम्ही म्हणतो की इंडी बँड आणि बचत गट ही एकाच वाणाची झाडं आहेत.

असे बँड सिनेमातली गाणी वाजवत नाहीत. आपली गाणी आपण लिहितात, आपल्या भाषेत, आपल्या गावाबद्दल. पण त्याला एक अट येते. कंपनीचा पैसा नाही, सिनेमाचा पैसा नाही. मग पोट कशावर चालायचं? समोर येऊन तिकीट काढून ऐकणाऱ्यांवर. ऐकणारे आले तर बँड टिकतो, नाही आले तर दोन वर्षांत मोडतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढं आपल्या गावाकडं वळलो की ती परत लागणार आहे.

आपल्या देशातले बँड

इंडियन ओशन हा दिल्लीचा बँड १९९० पासून गातो आहे. त्यात राहुल राम नावाचे गायक बेस गिटार वाजवतात. परदेशात मोठं शिक्षण घेऊन ते परत आले आणि काही वर्षं नर्मदा बचाव आंदोलनात राहिले. तिथं लोकांच्या तोंडी जे नर्मदा माईचं गाणं होतं ते त्यांनी आपल्या बँडमध्ये नेलं. ‘मा रेवा’ नावानं ते २००० साली ‘कंदिसा’ या त्यांच्या संग्रहात आलं आणि देशभर पोहोचलं. रेवा म्हणजे नर्मदा. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली जी ३३ गावं आली ती नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. म्हणजे ज्या नदीचं गाणं दिल्ली-मुंबईची पोरं टाळ्या वाजवून ऐकतात, तिच्या काठावर आपल्याच राज्यातल्या बाया पाणी भरतात.

मुंबईत अभंग रिपोस्ट नावाचा बँड आहे. ते आपल्या संतांचे अभंग गिटार आणि ड्रमवर गातात. ज्यांना रॉक ऐकायची भीती वाटते त्यांनी इथून सुरुवात करावी, कारण शब्द आपल्याला पाठ असतात. फक्त वाद्यं नवी. मराठीत रॅप करणारी तरुण मंडळीही आहेत. रॅप म्हणजे ठेक्यावर भरभर म्हटलेलं कवन. माही जी ही महादेव कोळी समाजातली मुलगी आदिवासींच्या जगण्यावर मराठीत रॅप करते.

आणि दूर अरुणाचल प्रदेशात झिरो नावाचं खोरं आहे. तिथले आपातानी लोक भाताच्या खाचरातच मासे पाळतात. एकाच बांधात भात आणि मासे. तिथं २०१२ पासून पावसाळा सरता सरता चार दिवसांचा संगीत महोत्सव होतो. देशभरातले इंडी बँड येतात. स्टेज बांबूचं, आणि ते बांधतात तिथलेच कारागीर. बाहेरून आलेले लोक गावात मुक्काम करतात, तिथलं जेवतात, तिथली गाणी ऐकतात. म्हणजे बाहेरचं संगीत आलं म्हणून गावचं संगीत मागं पडलं नाही. दोन्ही एकाच मांडवाखाली बसलं.

महाराष्ट्रातही २०१० साली पुण्यात एनएच-सेव्हन वीकेंडर नावाचा असा मोठा महोत्सव सुरू झाला. अशा मोठ्या महोत्सवांची तिकिटं आपल्यासारख्यांना परवडण्यासारखी नसतात. पण हेच बँड आणि त्यांच्यासारखे नवे बँड कॉलेजच्या महोत्सवात, नगरपालिकेच्या मैदानावर, गणेशोत्सवाच्या मांडवात कमी तिकिटात किंवा फुकट गातात. आपण तिथं नजर ठेवायची.

तिथं गेल्यावर काय ऐकायचं?

पहिल्यांदा गेलं की सगळा एकच गोंगाट वाटतो. त्यासाठी भजनी मंडळ डोळ्यांपुढं आणा. मृदंग ताल धरतो, टाळ साथ देतात, पेटी सूर देते, बुवा पुढं गातात आणि मागचे टाळकरी ध्रुवपद उचलतात.

बँडमध्ये मृदंगाचं काम ड्रम करतो. एकाच माणसापुढं चार-पाच ढोल आणि पितळी थाळ्या मांडलेल्या असतात, त्यातला मोठा ढोल तो पायानं वाजवतो. बेस गिटारला जाड तारा असतात. तिचा आवाज खालचा, घुमणारा, ढोलकीच्या घुमाऱ्यासारखा. तो कानाआधी छातीत जाणवतो. दुसरी गिटार सहा तारांची. ती कधी पेटीसारखी सूर धरते, कधी सनईसारखी एकटीच पुढं धावते. गाणारा किंवा गाणारी म्हणजे बुवा. आणि ध्रुवपद कोण उचलतं? समोरचे लोक. गायकानं हातानं खूण केली की सगळं मैदान गातं.

एक युक्ती सांगतो. पहिलं गाणं फक्त ढोलासाठी ऐका. दुसरं फक्त बेससाठी. तिसऱ्याला शब्दांकडं लक्ष द्या. चौथ्या गाण्यापर्यंत गोंगाट राहत नाही, सगळं वेगळं वेगळं कळायला लागतं. शब्द कळले नाहीत तरी बिघडत नाही. सनईचे शब्द आपल्याला कुठं कळतात? तरी डोळ्यांत पाणी येतंच.

कार्यक्रमाचीही एक रीत असते. सहा वाजता म्हटलं तरी कधी कधी सातला सुरू होतो, कारण आधी प्रत्येक वाद्याचा आवाज तपासतात. आधी नवे, लहान बँड गातात. नावाजलेला बँड शेवटी. दोन बँडच्या मध्ये वाद्यं बदलायला वेळ जातो, तेवढ्यात पाणी पिऊन, बसून घ्यायचं. खुर्च्या असतीलच असं नाही. नाचायचं असेल तर नाचा, नसेल तर बाजूला उभं राहून ऐका. कोणी काही म्हणत नाही.

एवढं सगळं मोबाइलमध्ये फुकट मिळत असताना कशाला जायचं, असं कोणीही विचारेल. मोबाइलमधलं गाणं आपण असलो काय, नसलो काय, तसंच वाजतं. समोरचं गाणं तसं नाही. लोक रंगले की गाणारा तान वाढवतो, ढोल वाजवणारा जास्तीचं एक आवर्तन घेतो. लोक गप्प बसले की त्याचाही हात आखडतो. भारूड करणारा सोंगाड्या समोरच्या बायांकडं बघून आयत्या वेळी विनोद घालतो की नाही? तसंच. त्या गाण्यात थोडा वाटा ऐकणाऱ्याचा असतो.

आता बाईचा प्रश्न

आमच्या एका बैठकीत विचारलं, तुम्ही शेवटचं गाणं स्वतःच्या हौसेनं, समोर बसून कधी ऐकलं? लग्नातलं नाही, देवाच्या कामातलं नाही. बराच वेळ कोणी बोललं नाही. एक ताई म्हणाल्या, “मुलगी असताना.” त्यांचं वय आज पन्नासच्या पुढं आहे.

जत्रेत तमाशा येतो, गावातली निम्मी माणसं जातात, ती निम्मी म्हणजे पुरुष. आपण घरी भाकऱ्या करत माळावरून येणारा ढोलकीचा आवाज ऐकतो. फडात नाचणारी, गाणारी बाई, आणि बघायला बाईनं जायचं नाही, ही रीत आपल्या अंगवळणी पडली. अलीकडे शहरांमध्ये ‘फक्त महिलांसाठी’ लावणीचे खेळ लागतात आणि तिथं बाया शिट्ट्या वाजवून दाद देतात. म्हणजे आवड नव्हती असं नाही. जागा नव्हती.

गाणाऱ्या मुलींना तर जास्त सोसावं लागतं. काश्मीरमध्ये श्रीनगरच्या दहावीतल्या तीन मुलींनी ‘प्रगाश’ नावाचा बँड काढला होता. प्रगाश म्हणजे उजेड. २०१२ च्या डिसेंबरमध्ये स्पर्धेत त्यांना बक्षीस मिळालं. लगेच मोबाइलवरून शिव्या आणि धमक्या आल्या, त्यांच्याविरुद्ध फतवा निघाला आणि २०१३ च्या फेब्रुवारीत मुलींनी वाद्यं खाली ठेवली. हे लांबचं म्हणून सोडून देऊ नका. आपल्या गावात मुलगी स्टेजवर नाचली की दुसऱ्या दिवशी पारावर काय बोलतात, ते आपण ऐकलेलं आहे. गाणाऱ्या मुलीला बळ कधी येतं? समोर तिच्या आईच्या, मावशीच्या वयाच्या दहा बाया पहिल्या रांगेत बसलेल्या दिसल्या की. समोर नुसते पुरुष असले तर कार्यक्रमाचा रंगही त्यांच्याच तालावर जातो. म्हणून बाईनं ऐकायला जाणं ही चैन नाही. त्यानं स्टेजवरच्या मुलीचं राखण होतं.

उमेदच्या दशसूत्रीत बचत आहे, आरोग्य आहे, शिक्षण आहे. गाणं नाही. नसू दे. ते आपण अकरावं म्हणून घालू.

जायचं कसं?

एकटीनं जाणं अवघड वाटतं, दहा जणींनी सोपं जातं. गटाचा हाच तर फायदा.

पैशाचं आधी बघू. गटाच्या बचतीला किंवा कर्जाला हात लावायचा नाही. वेगळी वर्गणी काढा. दहा जणींनी महिन्याला २० रुपये काढले तर वर्षाला २४०० रुपये जमतात. त्याची वेगळी वही ठेवा. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्याचा उपयोग करून घ्या.

शेवटची गाडी किती वाजता आहे हे आधी विचारा. कार्यक्रम त्यानंतर संपणार असेल तर जीप ठरवून जा, आणि चालक ओळखीचा असू द्या. घरी सांगून जा, कुठं चाललो, किती वाजता येणार, सोबत कोण आहे. लपवून गेलं की पुढच्या वेळचं दार बंद होतं. लहान लेकरांचं आधीच वाटून घ्या, या वेळी दोघी घरी थांबतील, पुढच्या वेळी त्या जातील. घरच्या पुरुषांनाही एक संध्याकाळ भाकरी-भाजी बघू द्या. त्यांनी तमाशाला जाताना आपण बघितलंच होतं.

मैदानात शिरल्यावर आधी तीन गोष्टी बघायच्या. बाहेर पडायची वाट, बायकांचं शौचालय आणि पाणी. चुकामूक झाली तर भेटायची एक खूण ठरवा, कारण त्या आवाजात फोन ऐकू येत नाही. अंगावर दागिने घालू नका. पायात चपलेपेक्षा पक्के बूट किंवा पट्ट्याची सँडल बरी. कोणी त्रास दिला तर गप्प बसायचं नाही. सगळ्या जणी एकत्र येऊन मोठ्यानं बोला, तिथल्या बंदोबस्ताच्या माणसाला सांगा. पोलिसांसाठी ११२ आणि महिला मदतीसाठी १८१, हे दोन नंबर मोबाइलमध्ये आजच घाला.

मुलगी एकटी मैत्रिणींसोबत जाणार असेल तर तिलाही हेच सगळं सांगा. नुसतं ‘सांभाळून जा’ म्हणण्यापेक्षा हे जास्त कामाला येतं. आणि आल्यावर आधी ‘कोण कोण होतं’ न विचारता ‘काय ऐकलंस’ ते विचारा. ती आपणहून बाकीचं सांगेल.

कान जपा

आवाजाचं नीट ऐकून घ्या. कान एकदा गेला की औषधानं परत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी नियम सुचवला आहे. ठिकठिकाणी मोजलेला सरासरी आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, ऐकणाऱ्यांसाठी शांत जागा असावी आणि कानात घालायची बोंडं मिळावीत. ही बोंडं औषधाच्या दुकानात थोड्या पैशात मिळतात. नुसता कापूस पुरत नाही. कर्ण्याच्या, स्पीकरच्या तोंडाशी उभं राहू नका, तान्ह्या बाळाला तर अजिबात नेऊ नका. मध्येमध्ये बाहेर येऊन कानाला विसावा द्या. घरी आल्यावर कानात शीळ वाजत राहिली आणि दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

आपल्या राज्यात आणि देशात लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवायचा नियम २००० सालापासून आहे. ठरावीक सणांसाठी सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. हा नियम मैदानातल्या बँडला आहे तसा आपल्या गल्लीतल्या हळदीच्या डीजेलाही आहे.

आणि आपल्या गावाचं काय?

आता मघाची गोष्ट. ऐकणारे आले तर बँड टिकतो. हे शहरातल्या बँडला जितकं खरं, तितकंच आपल्या गावच्या हलगीवाल्याला खरं आहे.

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे. पाडव्याच्या सुमाराला तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे जत्रेचे पुढारी येऊन सुपारी ठरवतात. त्या सुपारीवर वादक, नाचणाऱ्या बाया, सोंगाडे, तंबू ठोकणारे, ट्रकचे चालक अशी कितीतरी घरं चालतात. गावानं सुपारी द्यायची सोडून डीजे आणला की ती घरं बसतात. डीजेला एक माणूस आणि एक गाडी पुरते. त्याच्या पेटीतलं गाणं आपल्या गावाचं नसतं.

संबळ, सनई, हलगी, तुतारी वाजवणारे बहुतेक घरचे लोक पिढ्यान्पिढ्या वाजवतात. लग्नात त्यांना जेवायला शेवटी बसवतात आणि पैसे देताना घासाघीस करतात. फडातल्या बाईवर नोटा उधळतात, त्याला दौलतजादा म्हणतात. उधळलेली नोट वाकून उचलावी लागते. तिकिटाचा पैसा तसा नसतो. तो कामाचा मोबदला असतो. इंडी बँडकडून आपण हे घ्यायला हवं. कलाकाराला ठरलेले पैसे, वेळेवर, हातात. आणि गाणं चालू असताना बोलायचं नाही.

आपल्या स्वतःच्या गाण्यांनाही कमी समजू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. आज त्या ‘परी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, या संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईच्या नावानिशी आणि आवाजात ऐकायला मिळतात. पैसा कोणाचा नाही, कंपनी कोणाची नाही, शब्द आपले, चाल आपली. इंडी म्हणजे स्वतंत्र असेल, तर आपल्या आज्या-पणज्या त्या शब्दाच्या कितीतरी आधीपासून इंडी होत्या. फक्त त्यांच्यापुढं ऐकणारं कोणी नव्हतं. जातं आणि पीठ एवढेच.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत तीन कामं करा. पहिलं, वर्गणीची वही उघडा. दुसरं, तालुक्याला किंवा जवळच्या कॉलेजात पुढच्या चार महिन्यांत कोणता गाण्याचा कार्यक्रम आहे ते मुलांना शोधायला सांगा. त्यातल्या एकाला गटानं जायचं. तिसरं, जमलेल्या पैशातून वर्षातला एक कार्यक्रम गावातच करा. ग्रामसंघातले चार-पाच गट एकत्र आले तर एखाद्या भारूडवाल्याला, हलगीच्या ताफ्याला रीतसर बोलावता येतं. संध्याकाळी पाच ते आठ, शाळेच्या पटांगणात. पहिल्या दोन रांगा बायांच्या. सुरुवातीला गावातल्या एका म्हातारीनं ओवी म्हणायची, कॉलेजातल्या पोरांपैकी कोणाला गिटार येत असेल तर त्यानं तिच्यामागं साथ धरायची. तिलाही इतरांसारखं पाकीट द्यायचं.

कोणत्या गटानं काय ठरवलं ते आम्हाला कळवा. कोणी कार्यक्रम केला तर त्याचं रेकॉर्डिंग आपण या रेडिओवर लावू, गाणाऱ्यांना आधी विचारून आणि त्यांचं नाव घेऊन. पुढच्या आठवड्यात याच वेळी परसबागेतल्या उन्हाळी भाज्यांबद्दल बोलायचं आहे. तोपर्यंत नमस्कार.